प्रोफेज-१ पाठ होत नाही? लोकर आणा

अर्धसूत्री विभाजनातल्या (मिऑसिस: गुणसूत्रांची संख्या निम्मी करणारं पेशीविभाजन) प्रोफेज-१ या पहिल्या टप्प्याच्या पाच पायऱ्या अकरावीला हमखास उलटसुलट होतात. माझ्या लेकीचंही तेच चाललं होतं. ठाण्यात जांभळी नाक्यावरून लाल-निळी लोकर आणली आणि गाडी रुळावर आली.

१. लेप्टोटीन: वीतभर लांबीचे दोन लाल, दोन निळे तुकडे. एका रंगाची जोडी मधोमध बांधा. ही जोडी म्हणजे एक गुणसूत्र, तिचा प्रत्येक तुकडा म्हणजे क्रोमॅटिड आणि गाठ म्हणजे त्यांना जोडणारा सेंट्रोमिअर.
२. झायगोटीन: लाल जोडी आणि निळी जोडी शेजारी-शेजारी आणा.
३. पॅकिटीन: आतल्या लाल आणि निळ्या तुकड्याची टोकं कापून अदलाबदल करा, गाठ मारा. हेच क्रॉसिंग ओव्हर. इथे घाई नको.
४. डिप्लोटीन: जोड्या दूर सारा, अदलाबदलीपाशी मात्र एक्ससारख्या चिकटलेल्या ठेवा; तो कायझ्मा.
५. डायकायनेसिस: कायझ्मा टोकाकडे सरकवा.

प्रत्येक वेळी नाव मोठ्याने म्हणायचं. एकाच रंगाच्या तुकड्यांत अदलाबदल मात्र करू नका, त्या भगिनी क्रोमॅटिड, म्हणजे एकाच गुणसूत्राच्या सारख्या प्रती, आहेत.