किनाऱ्यावरची जुनी बाईक घेण्याआधी काय काय बघायचं

मालकाशी फोनवर बोलतानाच सांगून ठेवा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर चहापाण्याच्या आधी इंजिनला हात लावून बघा, गार पाहिजे. रात्रभर उभी असलेली गाडी किती किकमध्ये उठते हे बघायलाच तर आपण गेलेलो असतो, आधीच तापवून ठेवली असेल तर ते कळतच नाही. जायचं ते सकाळच्या उजेडात, पावसात नको, कारण ओली गाडी कुठलीही चकाचकच दिसते. सोबत टॉर्च, फडकं, एक स्क्रूड्रायव्हर आणि जमलं तर ओळखीचा मेकॅनिक, पण त्याचा अर्धा दिवस मोडतो तर त्याचे पैसे द्या, फुकट नेऊ नका.

आता आपल्याकडचा खरा विषय, गंज. सगळे आधी मीटर बघतात, पण घाटावरची दहा वर्षांची गाडी आणि हर्णै नाहीतर मालवणात दहा वर्षं उघड्यावर उभी राहिलेली गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, खारा वारा उभ्या गाडीलाही सोडत नाही. म्हणून सरळ जमिनीवर बसा आणि खालून बघा. सायलेन्सरचा पोटाकडचा भाग, मेन स्टँडचे जॉइंट, बॅटरीच्या खालचा पत्रा, स्विंग आर्म म्हणजे मागचं चाक धरणारे दांडे, मागच्या मडगार्डची आतली बाजू. मालकाला विचारून स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकून बघा, खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं किंवा पापुद्रे गळले तर आतून खाल्लंय. वरवरचा लाल गंज घासून निघतो, त्याला घाबरू नका. पण चॅसीच्या वेल्डिंगपाशी पापुद्रे दिसले, किंवा तिथेच तेवढा ताजा काळा रंग मारलेला दिसला, तर किंमत कितीही खाली येऊ दे, सरळ निघून या. इंजिनचं काम करून घेता येतं, बोअर, पिस्टन, रिंगा, क्लचप्लेट सगळं मिळतं, पण सडलेल्या चॅसीवर तुमची बायकापोरं मागे बसणार आहेत.

बंदरावरची गाडी असेल तर मागे मासळीचे क्रेट बांधून नेत होते का हे नक्की विचारा. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं मागे ठिबकत राहतं आणि अशी गाडी पुढून एकदम नवी वाटते. सीट काढायला लावा, शॉकअपचे वरचे नट आणि सीटखालचे पाईप बघा, वायरिंगचं एखादं सॉकेट उघडा, आतल्या पिना हिरव्या पडल्या असतील तर आज लाईट लागतोय, भर पावसात लागेलच असं नाही. टाकीचं झाकण काढून आत टॉर्च मारा, तळाला गंजाचा चुरा असेल तर तो कार्बोरेटरमध्ये जाणार म्हणजे जाणार.

चिपळूणकडची किंवा तिकडून आलेली गाडी असेल तर जुलै २०२१ च्या पुरात बुडाली होती का हेही बघा. बाहेरून धुऊन काढलेली असते, पण एअर फिल्टरच्या डब्यात, हेडलाईटच्या आत, मीटरच्या काचेमागे गाळाची बारीक रेघ राहतेच. इंजिन ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर आत पाणी आहे.

मग किक मारा. निळसर धूर सुटत राहिला तर ऑइल जळतंय, रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, काळा धूर असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ते बहुतेक वेळा ट्युनिंगमध्ये सुटतं. सपाट रस्त्यावर चक्कर मारून काही कळत नाही, जवळच्या घाटीला न्या. चढावर रेस वाढतेय पण गाडी ओढत नाही म्हणजे क्लचप्लेट गेल्या. उतारावर दोन्ही ब्रेक वेगवेगळे दाबून बघा. पुढचं चाक उचलून हँडल सावकाश फिरवा, मधोमध अडकल्यासारखं झालं तर कोनसेट, म्हणजे हँडलच्या मुळाशी असलेली बेअरिंगं, गेला. स्प्रॉकेटचे, म्हणजे चेन फिरते त्या चाकाचे, दात एका बाजूला वाकून टोकदार झाले असतील तर चेनसकट पूर्ण सेट बदलायचा खर्च धरा. टायरची जाळी चांगली असली तरी बाजूचा चार आकडी कोड वाचा, २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर, उन्हात उभा राहून कडक झालेला असतो आणि ओल्या चिऱ्याच्या पाखाडीवर, म्हणजे दगडी वाटेवर, तो धरत नाही.

कागद शेवटी, पण घाईत नको. चॅसी आणि इंजिनवर पंच केलेले नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा, चॅसी नंबर गंजून वाचताच येत नसेल तर आरटीओत अडकाल. नोंदणीला पंधरा वर्षं झाली असतील तर रिन्यूअल झालंय का, पर्यावरण कर भरलाय का, बँकेचा बोजा उतरलाय का, जुनी चलनं बाकी आहेत का, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवलीय का, पीयूसी आणि इन्शुरन्स चालू आहे का. आरसीवरचा मालक हयात नसेल तर वारसांनी आधी स्वतःच्या नावावर करून घेतलेली बरी. सावंतवाडी-बांद्याकडे गोवा पासिंगच्या गाड्या स्वस्तात मिळतात, पण तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) आणि इथला रोड टॅक्स धरून हिशोब करा, बऱ्याचदा स्वस्ताई तिथेच संपते. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर मालकाची सही समोर घ्या, ट्रान्सफरचा अर्ज तीस दिवसांच्या आत टाका आणि नाव चढेपर्यंत थोडे पैसे हातात ठेवा, हे मालकाला आधीच मोकळेपणाने सांगा, आणि दुसरी चावी मागून घ्या.