चारशे चारचं पान पहिल्यांदा हातात आलं की

वेबच्या टीममध्ये नवीन आलेल्याकडे एरर पानाचं काम हमखास सरकवलं जातं, कारण ते किरकोळ वाटतं. मग त्याचा सगळा वेळ वाट चुकलेल्या रोबोटचं गोंडस चित्र शोधण्यात जातो. चित्र शेवटी बघू. सर्व्हर काय उत्तर देतोय, ते आधी बघा. प्रत्येक उत्तरासोबत तो एक आकडा कळवतो; ४०४ म्हणजे 'पान सापडलं नाही'.

पानावर 'सापडलं नाही' असं लिहिलंय आणि सर्व्हर मात्र २०० म्हणजे 'सगळं ठीक' कळवतोय, ही नेहमीची चूक. माणसाला फरक जाणवत नाही, पण गूगलला जाणवतो. त्याच्या भाषेत हा सॉफ्ट ४०४. अपाचे या सर्व्हर प्रोग्रॅममध्ये एरर पान ठरवणाऱ्या 'एररडॉक्युमेंट' सेटिंगपुढे स्लॅशने सुरू होणारा मार्ग द्यायचा असतो. तिथे एचटीटीपीएससकट अख्खा पत्ता लिहिलात, तर अपाचे ब्राउझरला ३०२ म्हणजे 'तिकडे जा' असं उत्तर देऊन पळवतो आणि ४०४ वाटेतच गळतो. तपासायला सोपं आहे: टर्मिनलमध्ये 'कर्ल -आय' (curl -I) आणि पुढे मुद्दाम चुकवलेला पत्ता. उत्तराच्या पहिल्या ओळीत ४०४ दिसला पाहिजे. पान दुसरीकडे हलवलं असेल तर ३०१ आणि कायमचं काढलं असेल तर ४१०. सगळे चुकलेले पत्ते होमपेजवर वळवू नका; वाचकाला वाटतं, आपण दाबलं एक आणि उघडलं भलतंच.

स्टाइलशीटचा मार्गही स्लॅशनेच सुरू करा. एरर पान कुठल्याही खोल पत्त्यावर उघडतं, त्यामुळे सापेक्ष मार्ग तुटतो आणि पान उघडंबोडकं दिसतं.

मराठी साइटवर ४०४ येण्याचं आणखी एक कारण असतं. देवनागरी पत्ता सर्व्हरकडे जाताना प्रत्येक अक्षरचिन्हाचे तीन बाइट, म्हणजे टक्क्याच्या खुणांसह नऊ कॅरॅक्टर होतात. काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या. वर्डप्रेस स्लग, म्हणजे पत्त्यातला लेखाच्या नावाचा भाग, २०० कॅरॅक्टरला कापतो, म्हणजे जेमतेम बावीस चिन्हं. 'महाराष्ट्रातील' एवढ्या एका शब्दातच चौदा संपतात! शिवाय हा लांबलचक पत्ता कॉपी करताना शेपूट तुटतं, नाहीतर वाक्याचा पूर्णविराम त्याला चिकटतो. म्हणून ४०४च्या पानावर शोधचौकट ठेवा आणि पत्त्यातले शब्द उलगडून तिच्यात आधीच भरून द्या. खाली दोन-चार दुवे पुरेत. अख्खा साइटमॅप ओतू नका. यूटीएफ-८चा मेटा टॅग पहिल्या १०२४ बाइटच्या आत हवा, नाहीतर तुमची मराठी अगम्य चिन्हांत दिसण्याची भीती असते.

५००चं, म्हणजे सर्व्हरच बिघडला की येणारं पान वेगळं. ते साधी एचटीएमएल फाइल असावं, स्टाइल आतच लिहिलेली. हेडर-फूटर डेटाबेसमधून येत असेल आणि डेटाबेसच आडवा झाला असेल, तर एरर दाखवतानाच दुसरी एरर येते. ठरवून बंद ठेवलेल्या साइटला ५०३ द्या, सोबत 'रिट्राय-आफ्टर' हेडरमध्ये सेकंद, तासाभरासाठी ३६००.

मजकुरात 'तुम्ही चुकीचा पत्ता टाकला' नको. 'हे पान इथे नाही. दुवा अर्धवट कॉपी झाला असेल किंवा पान हलवलं असेल' एवढं बास. पैसे भरताना ५०० आली तर मात्र 'काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा' हे सरळसरळ घातक: माणूस खरंच पुन्हा भरतो. तिथे असं लिहा: 'पैसे जमा झाले की नाही, हे अजून कळलेलं नाही. पुन्हा भरू नका. आधी 'माझे व्यवहार' बघा.' खाली संदर्भ क्रमांक, कॉपी करता येईल असा, आणि तोच क्रमांक सर्व्हरच्या लॉगमध्येही (नोंदवहीत). फक्त पडद्यावर छापलेला क्रमांक काही कामाचा नाही.

पान चढवल्यावर आठवड्यातून एकदा लॉगमधले (सर्व्हरच्या नोंदवहीतले) ४०४ मोजून उतरत्या क्रमाने लावा. रेफरर, म्हणजे वाचक ज्या पानावरून आला ते, आपल्याच साइटचं असेल तर तो दुवा आपणच तोडलाय. त्याच दिवशी दुरुस्त करा. तुमची साइट वर्डप्रेसवर नसताना वर्डप्रेसच्या लॉगिनचा पत्ता मागणारे मात्र बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रॅम असतात. त्यांच्यासाठी पान सजवत बसू नका.