एमएसडब्ल्यूचा (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीचा) अभ्यासक्रम विद्यार्थ्यांबरोबर बसून कसा बदलावा

मसुदा तयार झाल्यावर ‘काही सूचना?’ असं विचारलं की वर्ग गप्प बसतो. ठरायचं ते ठरून गेलंय, हे मुलांना कळतं. म्हणून त्यांना कागद कोरा असतानाच बोलवा, आणि एकाच पेपरसाठी, म्हणजे एकाच विषयासाठी. शक्यतो क्षेत्रकार्याशी (वस्तीत, संस्थेत जाऊन करायच्या प्रत्यक्ष कामाशी) जोडलेला पेपर घ्या.

काय बदलता येईल ते आधी लिहून द्या. संलग्न कॉलेजात श्रेयांक (क्रेडिट) आणि पेपरांची रचना विद्यापीठाकडे असते. उदाहरणं, जादा वाचन, प्रात्यक्षिकं तुमच्या हातात. हे सांगितलं नाही, तर पहिली बैठक परीक्षेच्या तक्रारींतच संपते.

गट आठ-दहा जणांचा. नुसते वर्गप्रतिनिधी नकोत. मराठी माध्यमातून आलेले, नोकरी सांभाळून शिकणारे, विषय राहिलेले, शिवाय नुकतेच कामाला लागलेले दोन माजी विद्यार्थी घ्या. निम्मे पहिल्या वर्षाचे हवेत, नाहीतर पुढच्या जूनमध्ये सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दीड-दीड तासाच्या तीन बैठका पुरतात. पहिलीला प्रत्येकाने आपल्या क्षेत्रकार्य अहवालातले तीन प्रसंग आणायचे, जिथे काय करावं ते सुचलं नाही. नावं-पत्ते आधीच खोडलेले. एका चिठ्ठीवर एक प्रसंग: रेशनकार्ड नसलेलं कुटुंब, शाळा सुटलेली मुलगी.

दुसरी बैठक महत्त्वाची. सध्याचे घटक भिंतीवर लावा आणि त्यांच्याखाली चिठ्ठ्या डकवा. चिठ्ठीला जागा सापडली नाही, तिथे अभ्यासक्रमात भोक आहे. घटकाखाली एकही चिठ्ठी आली नाही, तर तो लगेच उडवू नका. सिद्धान्त प्रसंगात सहज दिसत नाही. तो कशासाठी हवा, हे शिकवणाऱ्याने सांगावं. ‘वस्तीतल्या गोष्टी म्हणजे अभ्यास नव्हे’ असं कुणी म्हणालंच, तर समाजकार्याची २०१४ ची जागतिक व्याख्या वाचून दाखवा: समाजशास्त्रांबरोबरच स्थानिक मूळ समाजांच्या ज्ञानाचाही आधार तिने मानलाय. तिसऱ्या बैठकीत एका घटकाच्या तासिका, वाचन, प्रात्यक्षिक मांडा.

क्षेत्रकार्याचे गुण देणारे मार्गदर्शक समोर बसले की मुलं गोड बोलतात. बैठक दुसऱ्या कुणाला चालवायला द्या. बैठकांचे तास क्षेत्रकार्यात धरा किंवा एक असाइनमेंट माफ करा. फुकट राबवलं तर दुसऱ्या बैठकीला तिघंच येतात.

पंधरा दिवसांत प्रत्येक सूचनेपुढे ‘घेतली’, ‘बदलून घेतली’ किंवा ‘नाही घेतली’ आणि कारण लिहून फलकावर लावा. ‘नाही’च्या रकान्यातली कारणं मुलं सगळ्यात आधी वाचतात.