भातात तुडतुडे दिसले? पंप उचलण्याआधी पाण्याकडे बघा

भाद्रपदात ऊन-पावसाचा खेळ चालतो, हवा दमट होते आणि भाताच्या चुडाच्या, म्हणजे रोपांच्या झुबक्याच्या, बुंध्याशी रस शोषणारे तपकिरी तुडतुडे दिसू लागतात. ते दिसले की हात आधी पंपाकडे जातो. कळकळीची विनंती आहे, त्याआधी खाचरात उतरा आणि वाकून पाण्याकडे बघा.

साचलेल्या पाण्यावर मोहरीएवढे काळपट किडे तुरुतुरु पळताना दिसतील. शास्त्रीय नाव मायक्रोव्हेलिया, लांबी जेमतेम दीड मिलिमीटर. अनेक जण त्यांना कीड समजतात, पण ते भाताचं पान चाखतही नाहीत. आता चूड तळहाताने थोपटा. तुडतुड्याची पिल्लं पाण्यात पडतील. एरवी ती उडी मारून पुन्हा बुंध्यावर चढतात, पण पाण्यावर तरंग उठला की हे किडे चारी बाजूंनी धावून येतात आणि पिल्लाला सोंड खुपसून शोषून घेतात. एकटा किडा कधी कमी पडतो, टोळी सहसा नाही. एक किडा दिवसाला ४ ते ७ तुडतुडे खातो आणि महिना-दोन महिने जगतो. लांब पायांच्या मोठ्या निवळ्याही तेच काम करतात.

म्हणून मोजणी दोन्हींची करा. खाचरात तिरपं चालत वीसेक चूड थोपटा. चुडामागे सरासरी ५ ते १० तुडतुडे ही फवारणीचा विचार करण्याची पातळी. त्याखाली असतील आणि पाण्यावर धावपळ दिसत असेल, तर थांबा. दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघा. युरियाचा हप्ता मात्र आवरता घ्या, कोवळ्या लुसलुशीत चुडावर तुडतुडे झपाट्याने वाढतात.

सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिनसारखी औषधं इथे नकोतच. राखणदार मरतात, बुंध्यातली अंडी वाचतात आणि काही दिवसांत तुडतुडे आधीपेक्षा जास्त होतात. इंडोनेशियाने १९८६ मध्ये भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली, ती याच अनुभवातून. पातळी ओलांडलीच, तर तुडतुड्यांसाठी शिफारस असलेलं औषध घ्या, करपलेल्या गोल चट्ट्यांवर आणि त्यांच्या कडेने, नोझल बुंध्याकडे ठेवून मारा.

हे किडे पाण्याच्या ताणलेल्या पापुद्र्यावर उभे असतात. साबण, रॉकेल किंवा स्टिकर (फवारणीत मिसळायचं चिकटद्रव्य) पडला की पापुद्रा सैल होतो आणि ते बुडतात. पानाच्या सुरळीत राहणाऱ्या अळीसाठी पाण्यात रॉकेल टाकून, अळी पाण्यात पडावी म्हणून पिकावरून दोर ओढायची जुनी रीत आहे. दोर जरूर ओढा, रॉकेल टाळा. पंप धुतलेलं पाणीही खाचरात ओतू नका.

एक अडचण उरते. तुडतुडे वाढले की तीन-चार दिवस पाणी काढून टाकायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण पाणी गेलं की हे किडेही निराधार होतात, कारण बहुतेकांना पंख नसतात. खालच्या बांधालगत हातभर रुंद चर खणून त्यात पाणी राहू द्या. पुन्हा पाणी भरलं की तिथूनच ते खाचरभर पसरतील.