१०८ येईपर्यंत आपल्या हातात काय असतं
हायवेवर अपघात दिसला की लगेच १०८ लावा, आणि नुसतं "घाटात आहे" सांगू नका हो, कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा आणि लेन मुंबईकडची की पुण्याकडची तेही सांगा, नाहीतर जागा शोधण्यातच अॅम्ब्युलन्सचा वेळ जातो. पहिला तास गोल्डन अवर, म्हणजे जीव वाचवायची सर्वात मोठी संधी, म्हणतात खरं, पण रक्त भळाभळा वाहत असेल तर माणूस काही मिनिटांतच जातो! ओढणी, रुमाल, जे मिळेल त्याची घडी करून जखमेवर दोन्ही हातांनी जोरात दाबून धरा, भिजलं तरी काढायचं नाही, वरून दुसरं ठेवायचं. पाणी पाजू नका प्लीज. मान हलवू नका. पोलिसांना घाबरू नका, २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यातच मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायचीही सक्ती नाही.