मुलाच्या भेटीसाठी वडिलांनी न्यायालयात अर्ज कसा करावा

पती-पत्नी वेगळे राहू लागले आणि मूल आईजवळ असले, की अनेक वडील हिंदू अज्ञान व पालकत्व कायदा, १९५६ मधील कलम ६ पुढे करतात, कारण त्यात वडिलांना अज्ञान, म्हणजे अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या, मुलाचे नैसर्गिक पालक म्हटले आहे. मात्र त्याच कलमानुसार पाच वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे राहतो, आणि कलम १३ प्रमाणे मुलाचे हित सर्वांत वर असते. त्यामुळे अर्ज ‘माझा हक्क’ या शब्दांभोवती न लिहिता मुलाच्या दिनक्रमाभोवती लिहावा.

अर्ज कोठे करायचा, हे आधी ठरवावे. घटस्फोटाचा दावा हिंदू विवाह कायद्याखाली चालू असेल, तर त्याच न्यायालयात कलम २६ खाली मागणी करता येते. दावा नसेल, तर पालक व पाल्य कायदा, १८९० चा आधार घ्यावा लागतो, आणि तो अर्ज वडील जेथे राहतात तेथे नव्हे, तर मूल सामान्यतः जेथे राहते त्या ठिकाणच्या न्यायालयात करायचा असतो. ही चूक झाली तर केवळ अधिकारक्षेत्राच्या वादात कित्येक तारखा जातात.

मुख्य अर्जासोबतच भेटीसाठी अंतरिम अर्ज द्यावा. निकाल लागेपर्यंत थांबलात, तर तोवर लहान मूल तुम्हाला ओळखेनासे होण्याची भीती असते. मागणी अगदी नेमकी हवी. ‘भेट मिळावी’ एवढेच लिहिले, तर आदेशही तितकाच मोघम मिळण्याचा संभव असतो आणि पुढे प्रत्येक रविवारी नवा वाद उभा राहतो. म्हणून वार, वेळ, ठिकाण, मुलाला कोण आणणार व कोण पोहोचवणार, शाळेच्या सुट्ट्यांची विभागणी, वाढदिवस आणि आजारपणात चुकलेल्या भेटीची भरपाई, हे सगळे लिहावे. मूल दूर राहत असेल तर व्हिडिओ कॉलची वेळही मागावी. प्रत्यक्ष भेटीखेरीज असा संपर्क मुलाला मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मान्य केले आहे. मूल अगदी तान्हे असेल, तर रात्रीचा मुक्काम मागण्यापेक्षा थोड्या थोड्या वेळाच्या, पण वारंवार होणाऱ्या भेटी मागणे शहाणपणाचे ठरते.

सोबत मुलाचा जन्मदाखला, विवाहाचा पुरावा, शाळेच्या फीच्या पावत्या आणि दवाखान्याचे कागद जोडावेत. पत्नीविषयीच्या तक्रारींनी प्रतिज्ञापत्राची पाने भरू नयेत. तुम्ही मुलाला शाळेत सोडत होता, लसीकरणाला नेत होता, हे दाखवणारा एक साधा कागद त्याहून अधिक बोलतो.

कौटुंबिक न्यायालय प्रथम तडजोडीचा प्रयत्न करते आणि पक्षकारांना समुपदेशकाकडे पाठवते. तेथे मुलालाही बोलते केले जाऊ शकते, आणि समज आलेल्या मुलाची इच्छा न्यायालय विचारात घेते. त्याला उत्तरे पढवून नेऊ नये, कारण पढवलेले मूल अनुभवी समुपदेशकाला चटकन कळते. या न्यायालयात वकील लावणे हा आपोआप मिळणारा अधिकार नाही, त्यासाठी परवानगी घ्यावी लागते. तरीही अर्ज वकिलाकडून तपासून घेतलेला बरा.

भेट मिळत नाही म्हणून मुलाची पोटगी थांबवू नये. हे दोन विषय कायद्याने वेगळे आहेत, आणि थकबाकीदार वडिलांचा अर्ज आधीच दुबळा होऊन न्यायाधीशांपुढे येतो. त्याच रागाच्या भरात मुलाला शाळेतून परस्पर घेऊन जाणे तर सर्वांत महाग पडते.

आदेश मिळाल्यावरही भेट नाकारली जात असेल, तर भांडण न करता तारीख, वेळ आणि झालेले संदेश नोंदवून ठेवावेत व त्याच न्यायालयात अंमलबजावणीसाठी अर्ज करावा. ताब्याचा आणि भेटीचा आदेश कायमचा नसतो. दोन वर्षांच्या मुलासाठी ठरलेले तास ते शाळेत जाऊ लागल्यावर बदलून मागता येतात.