जुनी सायकल: उभी करावी की सोडून द्यावी?

माळ्यावर सापडलेली किंवा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेली काळी, दांड्याच्या ब्रेकची सायकल रंगावरून ओळखू नये. सीट, घंटी, मडगार्ड मधल्या काळात बदललेले असतात. आधी चेनव्हील, म्हणजे पायडलपाशी चेन फिरवणारी दातेरी चकती, पाहा. नक्षीत बगळ्याची डोकी असली तर रॅले, पंजा असला तर रज, अक्षरं असली तर बीएसए, या सगळ्या ब्रिटिश कंपन्या. पुढचं चाक धरणारा चिमटा दुहेरी नळ्यांचा असणं ही हंबर या ब्रिटिश कंपनीची खूण. मात्र चेनव्हील निघतं आणि दुसरं बसतं, म्हणून पुढच्या बिल्ल्यावरचा मजकूरही वाचा. सेन-रॅले आसनसोलची, भारतीय हर्क्युलस मद्रासची. 1961 पर्यंत गोव्यात पोर्तुगीज राजवट असल्याने आयातीचे नियम वेगळे होते, त्यामुळे इंग्लंडातल्या नॉटिंगहॅमची अस्सल रॅले इथे निघाली तर नवल नाही.

मागचा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा असेल तर त्यावर सालाचे शेवटचे दोन आकडे कोरलेले असतात. 57 म्हणजे 1957. ते हबचं वय. चाक बदललेलं असू शकतं.

आता सांगाडा. पुढच्या नळीच्या मागे, वरच्या व खालच्या नळीच्या बुडाशी बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून धडकलेली आहे. मग मागच्या एका आस-खाचेतून दोरी पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत बांधा आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजा. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीवर मागे वर्षानुवर्षं पावांची टोपली लादलेली असते, तिथे ही दोरी जरूर लावा.

गोव्यात खरा शत्रू आत बसतो. खारी हवा आणि चार महिन्यांचं पाणी सीटच्या नळीतून उतरून पायडलच्या आसाच्या नळीत साठतं. तिच्या तळाला स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबा. पत्रा खचला तर सायकल सोडा. रीमवरच्या आऱ्यांच्या भोकांभोवती खड्डे असतील तर रीम गेली, पण त्यासाठी सायकल सोडू नये: अशा 28 इंची रोडस्टरची, म्हणजे जुन्या घडणीच्या उभ्या सायकलीची, रीम आणि टायर अजून मिळतात.

कॉटर, म्हणजे क्रँक (पायडलचा दांडा) आसाला पक्का धरणारी खीळ, काढण्याआधी गंजात झिरपणारं भेदक तेल घालून रात्रभर ठेवा. मग क्रँकखाली लोखंडी पाइपचा भक्कम आधार द्या आणि एकच जोरकस घाव घाला. आधार नसला तर घाव छर्ऱ्यांवर जातो आणि ते बसतात त्या वाटीत, म्हणजे कपात, खळगे पडतात. छर्रे दर बाजूला अकरा, पाव इंची. उजवा कप उलट्या आट्यांचा असतो. धड असला तर काढूच नका. रॅलेचे आटे इंचाला 26, दुकानातले कप बहुधा 24 चे. जबरदस्तीने बसवाल तर सांगाड्याचे आटे कायमचे जातील.

क्रोमवरचा गंज काढायला लिटरभर पाण्यात 25 ग्रॅम ऑक्झॅलिक आम्ल पुरतं. हातमोजे घाला, नंतर सोड्याच्या पाण्याने धुवा. (परसातल्या बिंबलांत, या आंबट फळांत, तेच आम्ल असतं, घंटीच्या वाटीपुरता रस पुरे.) ॲल्युमिनियम त्यात बुडवू नका.

सांगाडा, चिमटा, हब आणि चेनव्हील ही चार मूळची व धड असतील, तरच पैसे घाला. सांगाडा धड असून बाकीच्यांतलं एक गेलं तर चालवण्यापुरती दुरुस्ती करा. आणि जुना रंग, सोनेरी रेघा थोड्या जरी शिल्लक असतील तर नवा रंग मारू नका, मेण घासा.